चाचपडत लोणावळ्याला

पुण्याहून लोणावळ्याला जाऊन आलो, यात लिहून सांगण्यासारखं काही नाही. लोक सकाळी जातात, भजी खातात, दरीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात आणि रात्री घरी येऊन ट्रॅफिकला शिव्या घालतात. माझं जाणं जरा निराळं होतं, कारण मला बोलावणं आलं होतं. खरं तर बोलावणं माझ्या गाडीला होतं. तिला एकटीला येता येत नाही म्हणून मी.

फोन शमावहिनींचा होता. शमावहिनी म्हणजे कामशेतच्या इक्बालची बायको, आणि इक्बाल म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. साखरेच्या आजारात वर्षभरापूर्वी त्याची नजर गेली. तेव्हापासून तो घरातल्या घरात भिंती धरून फिरतो. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. त्यांची मुलगी सायमा लोणावळ्यात दिलेली. तिला मुलगी झाली, ती हसायलाही लागली, आणि आजोबांनी अजून नात हातात घेतली नव्हती.

"सायमा बाळाला घेऊन येते म्हणाली, तर नको म्हणाले. आपण जाऊ म्हटलं, तर नको," वहिनी म्हणाल्या. "जावई नवीकोरी गाडी घेऊन दारात आले. हे बसले, आणि दोन मिनिटांत उतरून आत. तेव्हापासून गाडीचं नाव काढू देत नाहीत. प्रशांतभाऊ, तुमचा तो खटारा घेऊन या. त्यात बसले तर बसतील."

'खटारा' मी मोठ्या मनाने ऐकून घेतलं.

गाडीबद्दल आधी सांगायला हवं. ती त्या काळातली आहे, जेव्हा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला छत्रीसारखा लटकलेला असायचा. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. दिवा खाली-वर करायचं बटण डाव्या पायाखाली. काच उतरवायला गोल फिरवायचा दांडा, आणि त्या काचेच्या पुढे ती छोटी तिकोनी काच, जी नेमकी तिरपी केली की वारा थेट गळ्यात येतो. थंड इंजिन उठवायला चोक म्हणून एक दट्ट्या ओढायचा. तो ओढला की इंजिनाला जरा जास्त पेट्रोल मिळतं आणि ते कुरकुरत जागं होतं. जागं झालं की दट्ट्या आठवणीने आत ढकलायचा. या गाडीत कुठलंच काम एका बोटाने होत नाही. ओढा, ढकला, फिरवा, आणि मग थांबा. कारण प्रत्येक हुकमावर गाडी आधी थोडा विचार करते. इक्बालच्या वडिलांकडे अशीच एक होती आणि आम्ही दोघं तिच्यावरच गाडी शिकलो, म्हणून मी पन्नाशीनंतर ही शोधून आणली. माझ्या बायकोचं, विद्याचं, म्हणणं, "या वयात माणसं देवाला लागतात. तू चोकला लागलास."

निगडीच्या पुढे

भाद्रपदातली सकाळ. ऊन पातळ, आभाळ धुतलेलं. निगडी सोडली आणि मला जाणवलं की रस्ता आपल्यावर प्रेम करतोय. बाजूने जाणारे लोक माझ्याकडे बघून हात करत होते. बसच्या खिडकीतून एक बाई हात हलवत होत्या. फुटपाथवरचे एक आजोबा काठी उंचावत होते. मी कोपर खिडकीवर ठेवून प्रत्येकाला मान लववून प्रतिसाद देत चाललो. जुन्या वस्तूंची कदर या देशात अजून आहे, अशा अर्थाचं एक वाक्यही मनात तयार झालं.

देहूरोडला एका मोटरसायकलवाल्याने गाडीशेजारी गाडी घेतली आणि ओरडला, "काका, पेटलीय का?"

"नाही, अशीच आहे! मूळचा रंग!" मी म्हणालो.

तो माझ्याकडे दयेने बघत पुढे निघून गेला. मग मी आरशात पाहिलं. मागे रस्ता नव्हता. काळा धूर होता, आणि त्या धुरातून खोकत खोकत बाहेर पडणारी वाहनं. चोक सकाळी ओढला होता तो ओढलेलाच होता. लष्कराच्या डेपोच्या फाटकावरचा जवान मघाशी हात उंचावत होता तो सलाम नव्हता, 'पुढे घे, पुढे घे' होतं. मी दट्ट्या आत ढकलला आणि पुढे तळेगाव येईपर्यंत कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही. बेगडेवाडीपाशी शेजारून लोकल गेली. तिच्या दारातल्या लोकांनीही हात केला. हा बहुतेक खरा होता. पण मी धोका पत्करला नाही.

कामशेत

इक्बालचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. खाली त्यांचं धान्याचं दुकान, आता भाचा बघतो. दुकानात इंद्रायणी तांदळाची पोती आणि तो वास. पोत्यांना टेकून उभं राहिलं तरी भूक लागते.

इक्बाल आतल्या खोलीत पलंगावर बसला होता. दाढी वाढलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. चेहरा माझ्या दिशेने, पण जरा बाजूला, जणू माझ्या शेजारी अजून कुणी उभं आहे.

"पश्या, धुराचा वास घेऊन आलास," तो म्हणाला. "चोक तसाच ठेवला व्हतास ना?"

"छे," मी म्हणालो.

वहिनींनी स्वयंपाकघरात मला गाठून हळूच बजावलं, "समजूत घालू नका. सगळ्यांनी घालून झाली. तुम्ही फक्त जेवा."

ही कामगिरी मी मनापासून पार पाडली. तांदळाच्या पातळ भाकरी, मटणाचा तांबूस रस्सा आणि वरून भात. आमच्या घरी भात शेवटी येतो आणि थोडा येतो. मावळात तो शेवटी येतो आणि मग जेवण सुरू होतं. वहिनी इक्बालच्या ताटात कुठे काय वाढलं ते सांगत नव्हत्या. पण रस्सा कायम उजवीकडे, कांदा कायम समोर. तोही विचारत नव्हता. घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या हाताच्या वाटेवर होती.

"जावयाच्या गाडीत काय झालं?" मी शेवटी विचारलंच. बजावलेलं ऐकायची मला सवय नाही.

त्याने बोटं चाटून घेतली. "त्या गाडीत हात लावायला कायच न्हाई रे. दाराला कडी न्हाई, ती म्हणं आतनं बाहेर येती. म्होरं समदी काच. मी आपला वारा घ्यावा म्हणून हात घातला, तर कुटनं तरी बाई बोलाय लागली. मग सीटच मागं आडवी झाली. मी असा उताणा. आन जावई म्हणतोय, राहू द्या अब्बा, राहू द्या, मी करतो." मग तो म्हणाला, "त्या पोरीच्या म्होरं मी आसा चाचपडत जाऊ? पयल्यांदा आजा बघायचा तर आसा?"

मी उठलो, म्हणालो, "निघतो मी," आणि गल्लीत येऊन गाडीत बसलो. डाव वगैरे काही नव्हता. मी खरंच हरलो होतो.

गाडीने मात्र निघायचं नाकारलं. जेवणाच्या वेळात इंजिन अर्धवट निवलं होतं. मी चोक पूर्ण ओढला, चावी फिरवली, पायाने भसाभसा पेट्रोल दिलं. गाडी खोकली. मी अजून दिलं. गल्लीत पेट्रोलचा वास सुटला. भाचा दुकानातून बाहेर आला. शेजारची म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघू लागली.

"आरं, बुडवलीस ना तिला!" आतून आरोळी आली. "चोक आत घाल! रेस पुरी दाबून धर, पंप मारू नको! ऐकाय येत न्हाई का?"

मी चोक आत ढकलायच्या ऐवजी गडबडीत दिव्याचं बटण ओढलं. भर दुपारी दिवे लागले.

"आता काय केलंस?"

"दिवे लावले."

"कुणासाठी? मला तर न्हाई उपेग!" आणि ओरडतच इक्बाल दारात आला. एक हात भिंतीवर, मग चौकटीवर, मग हवेत. उंबऱ्यावर तो थबकला. वहिनी त्याच्या मागेच होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. मग त्याचा हात गाडीच्या टपाला लागला. टपावरून घसरत तो डाव्या दाराच्या कडीवर आला, अंगठ्याने खटका दाबला, दार उघडलं, आणि इक्बाल आत येऊन बसला. माझा हात सरकावून त्याने चोक आत केला, आणि मी यावेळी शहाण्यासारखं रेस दाबून धरून चावी फिरवली. गाडी थरथरली आणि लागली.

मग त्याचा हात हळूहळू फिरू लागला. तिकोनी काचेचा खटका. काच उतरवायचा दांडा. राखेची डबी, जी ओढली की कर्रर्र करते. डॅशबोर्डाखालची फळी, जिथे त्याचे वडील हिशेबाची वही नाही, तर चिंचेच्या गोळ्यांची पुडी ठेवायचे.

"समदं हाय की जागंवर," तो म्हणाला.

तेवढ्यात मागचं दार उघडून धाडकन बंद झालं. शमावहिनी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. पिशवी भरलेली होती. ती सकाळपासूनच भरलेली असावी.

"कुटं?" इक्बाल म्हणाला.

"एक चक्कर," वहिनी म्हणाल्या.

कुठे ते तिघांनाही माहीत होतं. इक्बालने तोंड पुढे वळवलं. "हळू घे," तो म्हणाला.

कामशेतच्या पुढे

जुन्या हायवेला लागेपर्यंत मी गिअर बदलताना इतक्या वेळा खरडवला की इक्बाल दर वेळी स्वतःच्या दाताला कळ आल्यासारखा तोंड वाकडं करायचा. शेवटी त्याने उजवा हात पुढे घालून दांडा माझ्या हातातून काढून घेतला.

"तू फकस्त क्लच दाब. म्हण 'हं'."

असे आम्ही निघालो. मी क्लच दाबून 'हं' म्हणायचो, तो दांडा सरकवायचा. थोड्या वेळाने 'हं' म्हणायचीही गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की माझा पाय आणि त्याचा हात आपापले हलायचे. रस्ता मी बघत होतो, गाडी तो ऐकत होता. दोन माणसांचा मिळून एक ड्रायव्हर. हे कायद्यात बसतं की नाही, ते मी मुद्दाम कुणाला विचारलेलं नाही.

डावीकडे विसापूर आला. माथ्यावर ढगाची टोपी, खाली सोनकीच्या फुलांचं पिवळं. ढगांच्या सावल्या डोंगरावरून उतरून रस्ता ओलांडत होत्या, आणि आम्ही एकेका सावलीतून असे जात होतो, जसं माणूस झोपेत एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात जातो. मला नेहमी वाटतं, नव्या गाड्या आपली सगळी कामं करतात, म्हणून रिकामे हात उगीच फोनकडे जातात. ही गाडी हातापायांना इतकं गुंतवून ठेवते की मन मोकळं सुटतं आणि वाटेल तिकडे भटकून येतं. त्या दुपारी माझं मन जाऊन आलं, ते आम्ही दोघं शाळकरी असताना माळावर गोल गोल गाडी फिरवायचो तिथवर. मागच्या सीटवर त्याचे वडील डुलक्या घेत असायचे, आणि दर फेरीला एकदा डोळे न उघडता म्हणायचे, "गिअर."

"उजवीकडं खाचरं लागली आसतील," इक्बाल म्हणाला.

उजवीकडे कंपाउंडची भिंत होती आणि 'निसर्गाच्या कुशीत' अशी भली मोठी पाटी.

"हो," मी म्हणालो. "हिरवीगार."

"खोटं बोलतोस. भात फुलोऱ्यात हाय. मग वास कुटं गेला?"

मी चोरी पकडल्यासारखा समोरचा रस्ता बघू लागलो.

"काय हाय ते सांग."

"भिंत आहे. आत बंगले आहेत."

"कुटल्या रंगाचे?"

"सगळे राखाडी."

"मग ऱ्हाऊ दे. माजी खाचरं बरी हायेत."

थोडं पुढे गेल्यावर भिंत संपली आणि खरी खाचरं आली. मी काही बोललो नाही. त्याने तिकोनी काच चाचपली, खटका काढला, ती बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत नेमकी लावली. वारा त्याच्या तोंडावर आला, आणि वाऱ्यात तो वास, कोवळ्या दाण्याचा, दुधाळ. आरशात पाहिलं तर वहिनी पदराने डोळे टिपत होत्या. मी आरसा वर केला.

मग इक्बालने गाणं लावायला डॅशबोर्डच्या मधोमध हात नेला, जिथे रेडिओचं खरखरीत बटण असतं. हात गुळगुळीत काचेवर घसरला.

सांगायला लाज वाटते, पण जुन्याची आवड जाहीर करत फिरणाऱ्या मी तिथला रेडिओ काढून टचस्क्रीन बसवून घेतलाय. त्याचं बोट कुठे लागलं देव जाणे, गाडीभर रिंग वाजली आणि विद्याचा आवाज आला, "बोल. चोक आत केलास का?"

मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा उताणा पडलेला इक्बाल होणार. पण तो स्क्रीनच्या दिशेने वाकून म्हणाला, "वहिनी, न्हाई केला. देहूरोड समदं काळं करून आलाय." आणि मग दोघांनी मिळून माझ्याबद्दल जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. मी गाडी चालवत होतो. म्हणजे अर्धी.

कार्ला फाटा

इंजिन तापलं म्हणून थांबलो. झाडाखाली एक मावशी काकड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. काकडी त्यांनी उभी चिरून तिखटमीठ लावून दिली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"माज्या लग्नाला वरातीला आसलीच व्हती बगा," त्या म्हणाल्या. "दार लागंना. नवरदेव समद्या वाटंला दार धरून बसला व्हता."

"आन तुमी?" इक्बालने काकडी खात विचारलं.

"मी त्याला धरून!" मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग इक्बालकडे नीट बघून म्हणाल्या, "दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

वहिनींचा हात शेंगांवर थांबला. माझाही.

"न्हाई," इक्बाल म्हणाला. आवाज बारीक.

"बरं. मग शेंगा ह्या अंगाला ठेवते," म्हणत मावशींनी पानाचा द्रोण त्याच्या हाताशी सरकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

लोणावळा

गावात शिरलो आणि सुट्टीच्या गर्दीने आम्हाला गिळलं. दोन्ही बाजूंना चिक्कीची दुकानं, मध्ये गाड्यांचा मुरंबा. थांब, निघ, थांब. इक्बाल सीटच्या कोपऱ्यात सरकला. गावातली निम्मी माणसं त्याला ओळखायची. तरुणपणी तांदळाचा टेम्पो घेऊन तो रोज इथे यायचा, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने सलाम. "काच वर घे," तो मला म्हणाला. मी फिरवायला गेलो तर दांडाच निखळून हातात आला.

आणि चढावर, वळणाच्या तोंडाशी, मी क्लच सोडण्यात चूक केली. गाडी गचका खाऊन बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. मी ब्रेक मारला. मागच्या भल्यामोठ्या गाडीने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, मग तिच्या मागच्याने, मग सगळ्या लोणावळ्याने. मागचा उतरून माझ्या न लागणाऱ्या खिडकीशी आला. लाल टी-शर्ट, घामाघूम.

"आंधळा आहेस का रे? दिसत नाही मागे गाडी आहे ते?"

मी तोंड उघडणार तोच इक्बाल माझ्यावरून वाकला. त्याने मान थेट माझ्या खिडकीतून बाहेर काढली.

"त्याला दिसतंय वो!" तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "मला दिसत न्हाई! गिअर मी टाकतोय!"

लाल टी-शर्टवाला आधी इक्बालकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा इक्बालकडे बघत राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. चिक्कीच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली, "आरं, इक्बालशेठ! कधी आलात?" आणि इक्बाल हसायला लागला. मागे वहिनी हसायला लागल्या. तो इतका हसला की खोकला लागला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि हसता हसताच त्याने आवाजाच्या दिशेने सलाम केला. दिशा जरा चुकली. तो सलाम शेजारच्या चॉकलेट-फज विकणाऱ्याने घेतला.

मग चारपाच जणांनी गाडीला मागून हात लावला. त्यात लाल टी-शर्टही होता.

सायमाच्या घरापाशी मी चावी काढली तरी इंजिन आपलंआपण घरघरत राहिलं. या गाड्यांना तापल्यावर ती खोड असते. सायमा बाळाला घेऊन फाटकातच उभी होती. "अब्बा," ती म्हणाली. इक्बाल दार उघडून उतरला. कुणी हात धरला नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तो गाडीच्या टपाला धरून पुढे आला, टप संपला तिथे थांबला आणि दोन्ही हात पुढे केले.

"सांगू नका कुणी कायबी," तो म्हणाला. "मला बघू द्या."

त्याची बोटं कपाळावरून उतरली, भुवया, कानाची पाळी, नाकाची बोंडी. "हे नाक कुणाचं?"

"तुमचंच," वहिनी म्हणाल्या.

"आरारा," इक्बाल म्हणाला. बाळाने त्याची दाढी मुठीत पकडून ओढली. त्याने सोडवून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

धुकं असं की अंगणातला नळ दिसेना. मी इक्बालला कामशेतला सोडायच्या तयारीने गाडी पुसून उभा होतो. तो बाहेर आला तो सायमाच्या नवऱ्याचा, वसीमचा, खांदा धरून.

"तू जा," तो मला म्हणाला. "आमी ऱ्हातो हितं. मग वसीम सोडंल त्याच्या गाडीनं."

"त्या गाडीत बसणार तू?"

"त्याला म्हटलं, तू काय करू नको. फकस्त दार कुटं हाय ते दाव, म्होरचं मी चाचपतो. किती येळ लागंल? आजचा दिस, उद्याचा दिस. हाय काय दुसरं काम?"

मी 'छान, छान' म्हणालो. आतून मात्र मी आणि माझी गाडी एका फटक्यात जुने झालो होतो. काल आमच्याशिवाय ज्याचं पान हलत नव्हतं, तो आज दुसऱ्याच गाडीच्या दाराशी वाकून तिची लपलेली कडी शोधत होता. सापडली नाही. पुन्हा शोधली. सापडली.

मी चोक ओढला, गाडी उठवली आणि उभा देह पणाला लावून चोक आत केला. गल्लीच्या वळणावर आल्यावर निरोपाचा हॉर्न दिला आणि आरशात पाहिलं. धुक्यात ती नवी गाडी नुसती करडी सावली होती. तिच्या काचेवर पाण्याची चिळकांडी उडाली. मग वायपर फिरू लागले. मग चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे एकदम उघडझाप करायला लागले, आणि मागची डिकी आपोआप वर गेली. मी वळणावरच थांबून राहिलो. बऱ्याच वेळाने, सगळं संपल्यावर, त्याला हॉर्न सापडला. तो त्याने चांगला लांबलचक वाजवला.